केंद्रातली मंत्रालयं: कोणती जन्मली, कोणती विरघळली, आणि का?

वाटाड्या

मंडळी, शपथविधी झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खातेवाटपाची चौकट येते. कोणाला काय मिळालं ते आपण वाचतो आणि पान उलटतो. मला सध्या त्या चौकटीतल्या उजव्या रकान्याचं, म्हणजे खात्यांच्या नावांचं वेड लागलंय.

१९४७ ची यादी काढून बसलो. पंतप्रधान धरून १४ जण. त्यात आपले काकासाहेब गाडगीळ, त्यांच्याकडे बांधकाम, खाणी आणि वीज. श्यामाप्रसाद मुखर्जींकडे उद्योग आणि पुरवठा. सरदार पटेलांकडे गृह, माहिती-नभोवाणी आणि शिवाय संस्थानं. राजेंद्रप्रसादांकडे अन्न आणि शेती. आज केंद्रातल्या मंत्रालयांनी पन्नाशी ओलांडली आहे. कौशल्य विकास, आयुष, सहकार, जलशक्ती, ईशान्य विभाग विकास ही नावं तेव्हा कोणी ऐकलीही नसतील. उलट संस्थान खातं, पुनर्वसन, पुरवठा, उत्पादन ही मंत्रालयं आज औषधालाही सापडत नाहीत.

तर प्रश्न असे: हे ठरवतं कोण? त्यामागे काही शास्त्र असतं की आले देवाजीच्या मना? आणि जुनं मंत्रालय जातं म्हणजे नेमकं जातं कुठे? जाणकारांनी भर घालावी.

रेघोट्या

शास्त्र कसलं डोंबलाचं! दहा जणांना लाल दिवा हवा असतो आणि खाती असतात सात. मग एका खात्याची दोन करायची. रस्ते आणि जहाजं हे बघा: १९९९ नंतर वेगळी केली, २००४ ला एकत्र केली, २००९ ला परत वेगळी. मधल्या काळात समुद्र आटला होता की डांबर संपलं होतं? आघाडी सरकारांचा हिशेब आहे हा सगळा.

अंजली_दे

रेघोट्या, अर्धसहमत. लाल दिवा हे कारण असतंच, पण त्याने सगळं उलगडत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला लोकसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. ५४३ च्या हिशेबाने जास्तीत जास्त ८१ मंत्री. ही मर्यादा मंत्र्यांना आहे, मंत्रालयांना नाही. एकाच मंत्र्याकडे तीन-चार मंत्रालयं असू शकतात आणि असतातही. तेव्हा माणसांची सोय लावायला खाती वाढवतात हे खरं असलं, तरी नुसत्या सोयीसाठी राज्यमंत्रिपदंही पुरतात. मंत्रालय कशाला काढायचं?

आता वाटाड्यांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. घटनेच्या ७७ व्या कलमाचा तिसरा खंड सांगतो की सरकारचं कामकाज मंत्र्यांत कसं वाटायचं याचे नियम राष्ट्रपती करतील. त्याखाली १४ जानेवारी १९६१ ला कामकाज वाटपाचे नियम आले आणि आजही तेच चालू आहेत. त्यांना दोन अनुसूची. पहिलीत मंत्रालयं आणि विभागांची यादी, दुसरीत कोणाकडे कोणते विषय याची कलमवार नोंद. मंत्रालय काढायचं, बुजवायचं, नाव बदलायचं की पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती या नियमांत दुरुस्ती करतात, राजपत्रात छापून येतं, झालं. संसदेत मतदान नाही. संसदेचा संबंध येतो तो पैशांपुरता, म्हणजे नव्या खात्याची अनुदानाची मागणी मंजूर करताना.

आणि खरी माहिती दुसऱ्या अनुसूचीत असते. पेपरवाले पहिली छापतात.

सातासमुद्रापार

इकडे अमेरिकेत उलटं आहे. खातं काढायचं तर काँग्रेसचा कायदा लागतो. ९/११ नंतर २००२ साली अंतर्गत सुरक्षेचं नवं खातं काढलं तेव्हा कायदा करून २२ वेगवेगळ्या यंत्रणा त्यात ओतल्या. शिक्षण खातं १९७९ च्या कायद्याने आलं. ते बंद करू अशी घोषणा रेगनपासून चालू आहे, पण कायदा आडवा येतो. एकूण खाती फक्त १५.

ब्रिटन मात्र भारताच्या जवळचं. पंतप्रधानाने ठरवलं की झालं. तिथल्या व्यापार-उद्योग खात्याचं २००७, २००९, २०१६ आणि २०२३ अशा चार वेळा बारसं झालं, शेवटच्या वेळी तर तीन तुकडे. जपानने २००१ च्या जानेवारीत एका फटक्यात बावीस मंत्रालयं-संस्थांच्या बारा केल्या.

अवांतर: मंत्रालय मेल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण लंडनमधलंच. १८५८ ला सुरू झालेलं भारतमंत्र्याचं कार्यालय, ज्यात पुढे माँटेग्यू बसले, ते ऑगस्ट १९४७ ला मिटलं. ज्याचा कारभार बघायचा तो देशच हातातून गेला.

निवृत्त_कक्षाधिकारी

दिल्लीत केंद्रीय सचिवालयात आयुष्य गेलं, तेव्हा थोडं लिहितो. कोणतं मंत्रालय ते विचारू नका.

बाहेरच्यांना मंत्रालय दिसतं, आतल्यांना विभाग दिसतो. सचिव विभागाला असतो. अर्थसंकल्पात अनुदानाची मागणी साधारणपणे विभागागणिक असते. मंत्रालय हे बरेचदा दोन-तीन विभागांवर ठेवलेलं छत्र. छत्र बदललं तरी खालचे बहुतेक जण त्याच खुर्चीत, त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली बसलेले असतात. अणुऊर्जा विभाग घ्या. १९५४ साली निघाला, मुख्यालय मुंबईत, थेट पंतप्रधानांकडे. अंतराळ विभाग १९७२ चा, बंगळुरूला. दोघांवर कधी मंत्रालयाचं छत्र आलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

विभाग फुटतो तेव्हा मात्र खरी गंमत. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत भांड्यांवरून होतात तशी भांडणं इथे मंजूर पदांवरून होतात. किती अवर सचिव तिकडे, किती इकडे, स्टाफ कार कोणाची. फायलींच्या याद्या होतात. कपाटागणिक विषय, फाइल क्रमांक, पानं, शेवटची टिपणी कोणाची हे सगळं लिहून दोन्हीकडच्या सह्या. चालू योजना दोघांनाही हव्या असतात, कारण त्यामागे पैसा आहे. कोणालाच नको असतात त्या तीन गोष्टी: कोर्टातले खटले, लेखापरीक्षणाचे प्रलंबित आक्षेप, आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं. तुम्हाला गंमत वाटेल, पण सभागृहात 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं, संसदेची समिती त्याचा पिच्छा पुरवते. विषय दुसऱ्या खात्याकडे गेला तर आश्वासनही रीतसर हस्तांतरित करावं लागतं, आणि समोरचा ते सुखासुखी घेत नाही. आमच्याकडच्या एका वाटणीनंतर सेवाविषयक खटल्यांचा एक गठ्ठा बरेच महिने दोन इमारतींत नुसता ये-जा करत होता. दर वेळी सोबत नवं पत्र: 'हा विषय या विभागाशी संबंधित नसल्याने मूळ कागदपत्रांसह परत.'

रेघोट्या

तेच म्हणतोय मी! खर्च आणि गोंधळ. पाट्या, शिक्के, लेटरहेड…

निवृत्त_कक्षाधिकारी

लेटरहेडवर जुनं नाव खोडून शिक्का मारतात हो, त्यात काही नाही. आणि कायदे बदलावे लागत नाहीत. केंद्रीय कायद्यांत सहसा 'केंद्र सरकार' एवढंच लिहिलेलं असतं, मंत्रालयाचं नाव नसतं. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे केंद्र सरकार म्हणजे राष्ट्रपती. म्हणून विषय इकडचा तिकडे गेला तरी कायद्याला धक्का लागत नाही. ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांना मानलं पाहिजे.

मृगनक्षत्र

माझे दोन पैसे. मी पाणलोटाच्या कामात आहे, त्यामुळे विषय कोणाकडे आहे याने जमिनीवर काय फरक पडतो ते रोज बघते.

आधी जंगलाचं सांगते, कारण ते सगळ्यात बोलकं आहे. वनं आधी शेती मंत्रालयाकडे होती. म्हणजे लाकूड, बांबू, डिंक, महसूल. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या सुमारास पर्यावरणासाठी एक समिती नेमली गेली. १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीने वनं राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही विषयांत आली. १९८० ला वनसंवर्धन कायदा झाला आणि त्याच वर्षी पर्यावरण विभागही निघाला. १९८५ ला पर्यावरण आणि वने असं मंत्रालय झालं. एवढ्या प्रवासात झाडं तीच राहिली, त्यांच्याकडे बघणारा सचिव बदलला. शेतीच्या सचिवाला जंगल हे उत्पादन वाटत होतं, पर्यावरणाच्या सचिवाला ते राखायची गोष्ट वाटते, निदान कागदावर तरी. खाणीचा किंवा धरणाचा प्रस्ताव आता दुसऱ्या मंत्रालयाच्या दारात मंजुरीसाठी उभा राहतो. खातं वेगळं झालं म्हणून 'नाही' म्हणायची एक जागा तयार झाली. ती किती वापरली जाते हा वेगळा धागा होईल. (२०१४ ला नावात 'हवामान बदल' आलं, त्याने फार फरक पडल्याचं मला दिसलेलं नाही.)

आता पाणी. सिंचन एके काळी शेतीबरोबर होतं. १९८५ ला जलसंसाधन असं स्वतंत्र मंत्रालय झालं. पिण्याचं पाणी ग्रामविकासाकडे होतं, २०११ ला त्याचं स्वतःचं मंत्रालय झालं. २०१९ ला दोन्ही जोडून जलशक्ती. पाणी एका छताखाली आलं असं सगळे म्हणाले. आलं का? पाणलोट विकास अजून ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागाकडे आहे. ठिबक आणि तुषार शेतीकडे. जलविद्युत ऊर्जा मंत्रालयाकडे. शहरांचं पाणी गृहनिर्माण आणि नागरी व्यवहारांकडे. डोंगरावर पडलेला थेंब बांधात अडेपर्यंत एका मंत्रालयाचा, भूजलात मुरला की दुसऱ्याचा आणि ठिबकच्या नळीत शिरला की तिसऱ्याचा. आम्ही तिन्हीकडे वेगवेगळ्या नमुन्यात तोच गाव भरतो.

तरी विलीनीकरणाचा फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. गावची नळयोजना आणि तिचा उद्भव याबद्दल आता एकाच मंत्र्याला विचारता येतं. पूर्वी नळ एकाचा आणि विहीर दुसऱ्याची होती.

अंजली_दे

मृगनक्षत्र, उत्तम प्रतिसाद. तुम्ही दोनदा १९८५ लिहिलंत, तो योगायोग नाही. राजीव गांधींनी त्या वर्षी मोठी फेरमांडणी केली. त्याच सप्टेंबरात मनुष्यबळ विकास मंत्रालय निघालं, नरसिंह राव पहिले मंत्री. शिक्षण, संस्कृती, युवक आणि क्रीडा, महिला आणि बालविकास हे सगळं त्यात. कल्पना अशी की माणूस घडवणारे सगळे विषय एकत्र हवेत.

पुढे काय झालं बघा. क्रीडा बाहेर पडलं, संस्कृती बाहेर पडली, २००६ च्या जानेवारीत महिला आणि बालविकास वेगळं मंत्रालय झालं. शेवटी उरलं फक्त शिक्षण. जुलै २०२० मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर नाव परत शिक्षण मंत्रालय झालं. मौलाना आझादांच्या वेळची पाटी ३५ वर्षांनी पुन्हा लागली. एवढं मोठं छत्र उभारलं, पण आतला प्रत्येक विभाग पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मंत्र्याची वाट बघत होता असं माझं मत आहे.

स्पर्धापरीक्षाग्रस्त

वाचतोय. पण एक शंका: परीक्षेसाठी यादी कोणत्या वर्षाची पाठ करायची? माझ्या पुस्तकात अजून प्रवासी भारतीय मंत्रालय आहे.

अंजली_दे

पुस्तक बदला. ते २००४ ला निघालं आणि जानेवारी २०१६ ला परराष्ट्र मंत्रालयात मिसळलं. निर्गुंतवणुकीचंही (सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकायचं काम) तसंच: १९९९ ला विभाग, २००१ ला अरुण शौरींच्या काळात पूर्ण मंत्रालय, २००४ ला अर्थ मंत्रालयातला एक विभाग, २०१६ पासून नाव 'दीपम'. पूर्ण मंत्रालय म्हणून जेमतेम तीन वर्षं जगलं. पण काम संपलं का? अजिबात नाही.

वाटाड्या

हेच मला हवं होतं. म्हणजे मंत्रालय मरत नाही, खाली उतरतं. मी पण थोडं खोदलं. संस्थान खातं जुलै १९४७ मध्ये निघालं, पटेल मंत्री, व्ही. पी. मेनन सचिव. विलीनीकरणं उरकली आणि १९५५ ला ते गृहखात्यात गेलं. पुनर्वसन मंत्रालय सप्टेंबर १९४७ चं, फाळणीच्या निर्वासितांसाठी, पहिले मंत्री के. सी. नियोगी. ते मंत्रालयाचं विभाग झालं आणि आज गृहमंत्रालयात स्वातंत्र्यसैनिक आणि पुनर्वसन अशा एका शाखेच्या नावात उरलंय. पुरवठा खात्याची तर शेवटची खूण म्हणजे सरकारी खरेदी करणारं पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय, ते ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झालं. खरेदी आता 'जेम' या संकेतस्थळावरून.

मला सर्वात मजेशीर वाटलं ते विमानाचं. पन्नासच्या दशकात नागरी विमान वाहतूक दळणवळण खात्याकडे होती, म्हणजे टपाल आणि तारेबरोबर! १९५३ ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा जगजीवन राम दळणवळण मंत्री होते. विमान म्हणजे टपाल लवकर पोचवायचं साधन, असा तो काळ. पुढे १९६७ मध्ये करणसिंह पर्यटन आणि विमान वाहतूक मंत्री झाले. तोवर विमान प्रवाशांचं झालं होतं.

ऊसकरी

सहकार राहिलाच की! आमच्या पट्ट्यात त्यावरूनच पारावर वादावादी. ६ जुलै २०२१ ला केंद्रात सहकार मंत्रालय झालं, अमित शहा मंत्री. सहकारी संस्था हा तर राज्यांचा विषय. मग केंद्राला खातं कशाला? आमच्या कारखान्यांवर डोळा, असं इथे बरेच जण म्हणाले.

अंजली_दे

विषय केंद्रात आधीही होता, फक्त शेती मंत्रालयाच्या पोटात. शेती विभागाच्या नावातच 'सहकार' होतं, ते २०२१ ला गळलं. बहुराज्यीय सहकारी संस्थांचा कायदा केंद्राचाच आहे, २००२ चा, २०२३ ला त्यात दुरुस्ती झाली. आणि मंत्रालय निघाल्यावर दोनच आठवड्यांत, २० जुलै २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीचा राज्यांतल्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द केला, कारण राज्यांच्या विधानसभांची मान्यता घेतली नव्हती. म्हणजे मंत्रालय काढून राज्याचा अधिकार केंद्राकडे येत नाही. घटनेची सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र आणि राज्यांतली विषयांची वाटणी, जिथल्या तिथे.

ऊसकरी

अधिकार येत नसेल, वजन येतं. कारखान्यांनी ऊसदर म्हणून दिलेल्या जादा रकमेवरच्या प्राप्तिकराचा घोळ किती वर्षं चालला होता ते आम्हाला विचारा. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीची ती रक्कम खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली, जवळपास १०,००० कोटींचा दिलासा असं अर्थमंत्री भाषणात म्हणाल्या. शेती खात्याच्या कोपऱ्यातल्या एखाद्या सहसचिवाने हे मागितलं असतं तर अर्थखात्यात कोणी चहा तरी विचारला असता का? संशय मलाही आहे, पण जे झालं ते झालं.

रेघोट्या

यात खात्याचं वजन किती आणि मंत्र्याचं किती?

ऊसकरी

तो प्रश्न आहे खरा.

निवृत्त_कक्षाधिकारी

वजनाचंच बोलायचं तर विभागाचं मंत्रालय झालं की पहिला फरक पडतो तो मंत्र्याच्या वेळेत. मोठ्या मंत्र्याकडे रोज ढिगाने फायली येतात, छोट्या विभागाची फाइल तळाला जाते. आयुषचं उदाहरण चांगलं आहे. १९९५ ला आरोग्य मंत्रालयात भारतीय चिकित्सा पद्धती आणि होमिओपॅथीचा विभाग झाला, २००३ ला त्याचं आयुष झालं, नोव्हेंबर २०१४ ला स्वतंत्र मंत्रालय. आयुर्वेदाबद्दल कोणाचं काही मत असो, आरोग्य मंत्रालयात साथी आणि लसीकरणापुढे त्या फायलीला वरचा नंबर मिळणं कठीण होतं.

तोटाही सांगतो. खातं छोटं असेल तर मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलायला राज्यमंत्री असतो, आणि स्वतंत्र कार्यभार असला तरी तो बोलावल्याशिवाय बैठकीत बसत नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने मंत्रालयांची संख्या कमी करा म्हणून सांगितलं होतं. पाळलं कोणी?

सातासमुद्रापार

मग पेपरातली चौकट बघून काहीच कळत नाही म्हणायचं?

अंजली_दे

चौकटीतून राजकारण कळतं. कारभार कळायला दुसऱ्या अनुसूचीतल्या दुरुस्त्या बघायच्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ओटीटी आणि डिजिटल बातम्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे दिल्या. मंत्री बदलला नाही, पाटी बदलली नाही, शपथविधी तर नाहीच. ती या नियमांची ३५७ वी दुरुस्ती होती. १९६१ पासून धरलं तर वर्षाला सरासरी सहा. मंत्रिमंडळ विस्तार वर्षात एखादा होतो, हे मात्र गुपचूप वर्षभर चालू असतं. या एका ओळीनंतर तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०२१ ला, डिजिटल माध्यमांसाठी नवे नियम आले. विषय आधी हलला, नियम मागून आले.

स्पर्धापरीक्षाग्रस्त

आणि ऑनलाइन गेम? ते क्रीडा खात्याकडे ना?

अंजली_दे

दोन्हीकडे. डिसेंबर २०२२ ला ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानाकडे दिलं आणि ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे. ऑगस्ट २०२५ चा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणारा कायदा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आणला, क्रीडावाल्यांनी नव्हे. पेपरात प्रश्न आला तर हे लक्षात ठेवा.

निवृत्त_कक्षाधिकारी

आणि त्या दोन मंत्रालयांत 'हा विषय या विभागाशी संबंधित नसल्याने' हे पत्र आतापर्यंत गेलं असणार, पैज लावायला तयार आहे.

रेघोट्या

पैज लावू नका काका, नवीन कायदा आलाय.

वाटाड्या

:) सर्वांचे टंकनश्रम सत्कारणी लागले. मृगनक्षत्र, वेळ झाला की भूसंसाधन विभागाचं सविस्तर लिहा. पाणलोट ग्रामविकासाकडेच का राहिलं, जलशक्तीत का गेलं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

मृगनक्षत्र

लिहिते, रविवारी. थोडक्यात उत्तर: त्या विभागाकडे ओलिताखाली नसलेली, पडीक जमीन आहे आणि पाणलोटाची सुरुवात जमिनीपासून होते. सविस्तर उत्तरात तिथला निधीही येईल.